कोंबड्यांच्या खाद्ययंत्रासाठी मोटरीची निवड

परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबांतील सर्व माणसे दिवसभर कामावर किंवा शाळेत असणे आता नेहमीचेच झाले आहे. त्यामुळे ठरल्या वेळी खाद्य सोडणारे यंत्र घरीच तयार करण्याकडे अनेकांचा कल दिसतो. त्याची रचना साधी असते. वर खाद्याचे नरसाळे, तळाशी आडव्या नळीत फिरणारे मळसूत्र, त्यास जोडलेली मोटर आणि ती चालू-बंद करणारा टाइमर. चूक होते ती बहुधा मोटरीच्या निवडीत, आणि तिचा भुर्दंड मुक्या पक्ष्यांना सोसावा लागतो.

अंडी देणारी कोंबडी दिवसाला सुमारे ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. वीस कोंबड्यांना सव्वादोन किलोच्या आसपास लागते. एवढेसे खाद्य ढकलण्यास खेळण्यातील मोटरही पुरेल, असे प्रथमदर्शनी वाटते. ती मिनिटाला हजारो फेरे घेते खरी, परंतु बोटांच्या चिमटीत धरताच थांबते. येथे वेगाचे कामच नाही. मळसूत्राने मिनिटाला तीस-चाळीस फेरे घेतले तरी पुष्कळ झाले. हवा असतो तो पीळ, ज्यास कारागीर टॉर्क म्हणतात. दात्यांच्या चाकांनी वेग कमी केला की त्याच मोटरीचा पीळ वाढतो. म्हणून गिअरची मोटरच घ्यावी.

किती पीळ लागेल हे मोजता येते. मळसूत्राच्या दांड्यावर दहा सेंटिमीटर व्यासाची कप्पी घट्ट बसवून तिच्यावर दोरी गुंडाळावी, दोरीस प्लॅस्टिकची बाटली टांगावी आणि नरसाळे भरलेले असताना बाटलीत हळूहळू पाणी ओतावे. दोन लिटर पाण्याने मळसूत्र फिरू लागले, तर कप्पीची त्रिज्या पाच सेंटिमीटर असल्याने लागणारा पीळ दहा किलोग्रॅम-सेंटिमीटर झाला. मोटर याच्या अडीच-तीन पट क्षमतेची असावी. शिक्षकांनी मुलांकडून करून घ्यावा असा हा प्रयोग आहे. मात्र तो पावसाळ्यात करणे उत्तम. गोव्याच्या दमट हवेत दळलेले खाद्य ओल धरते, त्याचे गोळे होतात आणि मे महिन्यात सहज फिरणारे मळसूत्र जुलैत अडते.

भंगारात मिळणारी मोटारगाडीच्या वायपरची मोटर या कामास फार सोयीची. ती १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी कोंबड्यांची वेळ चुकत नाही. तिचे गिअर आतच असतात, फेरे मिनिटाला साधारण चाळीस ते साठ पडतात, आणि पीळ एवढ्या कामास पुरून उरतो. तिला काही अँपिअर प्रवाह लागतो, तेव्हा लहानसा अडॅप्टर तिला पुरत नाही. मळसूत्र अडकल्यास प्रवाह एकदम वाढतो. म्हणून तारेत फ्यूज घालावाच. धूळ आणि ओल असलेल्या खुराड्यात २३० व्होल्टची मोटर बसवणे धोक्याचे आहे.

अलीकडे स्टेपर मोटरही सुचवली जाते. ती मोजून पावले टाकते, त्यामुळे खाद्याचे माप अचूक पडते, हे खरे. परंतु खाद्य अडले की तिची पावले चुकतात. नियंत्रकास त्याचा पत्ता लागत नाही, आणि पन्हळ रिकामी असतानाही खाद्य दिल्याची नोंद होते.

मोटर कोणतीही असो, ती दहा सेकंद चालवून पडलेले खाद्य तराजूत घालावे आणि त्या हिशेबाने टाइमर लावावा. खाद्याचे पोते बदलले की हे वजन पुन्हा घ्यावे.