छापलेले पुस्तक खपावे कसे?

आमच्या निजामपुऱ्यात यंत्रमाग चालविणारे आहेत, तसे लिहिणारेही आहेत. कोणी उर्दूत गझला लिहितो, कोणी मराठीत कथा, तर कोणी मुलांसाठी धडे तयार करतो. पुस्तक छापून हाती येईपर्यंत सर्व सुरळीत चालते. पुढे हजार प्रती कारखान्याच्या कोपऱ्यात सुताच्या गोण्यांशेजारी जाऊन बसतात आणि दोन पावसाळ्यांत ओल व वाळवी त्यांचा निकाल लावते. दोष वाचकांना दिला जातो. म्हणे, आपल्या लोकांना वाचनाची आवड नाही!

हे आम्ही ऐकीव लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही मागाच्या हिशेबावर एक लहानशी मराठी पुस्तिका काढली. प्रती 1000. प्रकाशनासाठी हॉल घेतला, शाल-हार झाले, दीडशे माणसांची बिर्याणी झाली. छपाईला जेवढे लागले जवळजवळ तेवढेच त्या एका रात्री गेले. प्रतीही पुष्कळ गेल्या, पण भेट म्हणून. पैसे देऊन घेतलेल्या प्रती 9. एका वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात पाहुणे दिसत होते, पुस्तक दिसत नव्हते. बातमीत किंमत नाही, मिळण्याचे ठिकाणही नाही. वार्ताहराची यात काही चूक नाही. आम्ही ते लिहून दिलेच नव्हते.

आता विचार करा. ग्रे कापडाचा कोणता व्यापारी नमुना न दाखविता, दलालाशी न बोलता हजार तागे विणून ठेवील? ठेवलेच तर बाजार त्याला शहाणा म्हणणार नाही. पण तोच गृहस्थ लेखक झाला की आधी माल तयार करतो आणि गिऱ्हाईक नंतर शोधतो.

मराठीत याच्या उलट करून दाखविणारा मोठा माणूस म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या विद्वानाने महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम हाती घेतले, तेव्हा प्रथम नागपुरास ‘ज्ञानकोश मंडळ लिमिटेड’ ही कंपनी उभी केली. भागभांडवल गोळा केले, ग्राहक आगाऊ नोंदविले, त्यासाठी एजंट फिरविले आणि स्वतःही फिरले. पुढे काम पुण्यास नेले आणि 1920 च्या दशकात 23 खंड पुरे केले. या खटाटोपाचा इतिहासही त्यांनी स्वतः लिहून ठेवला. आपल्या ग्रंथासाठी दारोदार जाण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आमच्याकडे चार गझला छापलेल्या शायरास दुकानदारापुढे पुस्तक ठेवताना शरम वाटते, ही गंमतच आहे.

दुसरे उदाहरण ‘ग्रंथाली’चे. 1974-75 च्या सुमारास दिनकर गांगल व त्यांच्या मित्रांनी ही वाचक चळवळ सुरू केली. वाचकांस सभासद करून घ्यायचे, पुस्तक त्यांना कमी किमतीत द्यायचे आणि ग्रंथयात्रा काढून गावोगावी न्यायचे, अशी रीत. दया पवार यांचे ‘बलुतं’ 1978 साली याच संस्थेने काढले. त्यापूर्वी 1964 पासून मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी ‘ललित’ मासिक चालविले, ते पुस्तकांच्याच वार्ता देण्यासाठी. म्हणजे पुस्तकाची बातमी हाही एक माल आहे, हे या मंडळींनी फार पूर्वी ओळखले होते.

आणि आपल्या लोकांच्या आवडीविषयी म्हणाल, तर डिसेंबर 2016 आठवा. नोटाबंदीला जेमतेम महिना झाला होता, मागांचे पगार अडले होते, आणि त्याच वेळी भिवंडीत राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा किताब मेळा भरला. मुले, मास्तर, बुरख्यातील बायका पिशव्या भरून पुस्तके नेत होत्या. तेव्हा गिऱ्हाईक आहे. त्याला खबर नसते एवढेच.

खबर कशी पोचवावी? आम्हास उशिरा कळलेली गोष्ट अशी की, वर्तमानपत्राला समारंभाचे कौतुक नको असते, वाचकाच्या उपयोगाचा मजकूर हवा असतो. समारंभानंतर वर्षाने आम्ही पुस्तिकेतील एकच प्रश्न घेतला: इतक्या किलो सुतात किती मीटर कापड उतरले पाहिजे आणि कमी उतरले तर घट कोठे शोधावी? त्यावर अर्ध्या पानाचा लेख मराठीत केला, तोच उर्दूत करवून घेतला, आणि दोन्हीकडे पाठविला. शेवटी एक ओळ होती: पुस्तिकेचे नाव, किंमत आणि कोठे मिळेल ते. तीन आठवड्यांत 52 प्रती गेल्या. घेणारे बहुतेक मेहताजी होते, त्या समारंभाला आम्ही ज्यांना बोलाविलेच नव्हते ते. मग प्रती पुस्तकाच्या दुकानात ठेवण्याऐवजी सुताच्या दोन पेढ्यांवर व एका सायझिंगच्या ऑफिसात ठेवल्या, विक्रीवर कमिशन ठरवून. उधारीची वही मात्र पुस्तकांसाठी निराळी ठेवावी. सुताच्या बिलात पुस्तकाचे पैसे मिसळले की ते परत येत नाहीत, हा अनुभव आहे.

समीक्षेसाठी प्रती पाठवायच्या तर पंचवीस पुरेत, पण कोणाला, हे नीट ठरवावे. त्या विषयावर जो लिहितो त्याच्या नावाने प्रत जावी; नुसते ‘संपादक’ लिहिलेले पाकीट रद्दीत जाण्याचा संभव अधिक. सोबत एक पान जोडावे: पुस्तक कशाविषयी आहे, कोणासाठी आहे, पाने, किंमत, फोन नंबर. टपालाची जुनी बुक पोस्टची सवलत डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली. तिच्या जागी 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ आले. त्याचे सुरुवातीचे दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा, असे होते. पाकीट रस्त्याने वा रेल्वेने जाते म्हणून वेळ लागतो, परंतु कोठे पोचले ते पाहता येते.

ग्रंथालयांकडे आपले लेखक वळतच नाहीत, याचे आम्हास फार वाईट वाटते. राज्याच्या 1967 च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी करते. त्यासाठी लेखक-प्रकाशकांनी मुदतीत प्रत पाठवावी लागते, आणि ज्याने पाठविली नाही त्याचे पुस्तक यादीत येण्याचा प्रश्नच नाही. आयएसबीएन क्रमांकही केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून फुकट मिळतो. तो मिळवून देतो म्हणून पैसे मागणारे दलाल फिरतात, त्यांच्यापासून दूर राहावे.

मोबाईलवरील प्रचार स्वस्त आहे, म्हणून तो सगळेच करतात. मुखपृष्ठाचे चित्र शंभर ग्रुपवर टाकले तर ‘मुबारक’ शंभर येतात, ऑर्डर एक येत नाही. त्यापेक्षा पुस्तकातील कामाची दोन मिनिटे स्वतःच्या आवाजात वाचून पाठवावीत. गझल असेल तर हे अधिकच खरे आहे, कारण मुशायऱ्यात ऐकणारा बाहेर पडताना पुस्तक घेतो. मात्र दारापाशी टेबल आणि सुटे पैसे घेऊन कोणी बसलेला असला पाहिजे.

आमच्या पुस्तिकेच्या 310 प्रती अद्याप शिल्लक आहेत. त्या आता गोण्यांशेजारी नाहीत, जमिनीपासून हातभर उंच फळीवर आहेत, आणि पुढील छपाई करायची झाली तर ती 300 चीच करायची असे घरात ठरले आहे.