गिअर ऑइल घरच्या घरी: खर्च किती, फसगत कुठे

मॅन्युअल गिअरबॉक्सचं एकच काम तुम्ही सिन्नरमध्ये स्वतःच्या हाताने करावं असं आहे: ऑइल बदलणं. सिंक्रो रिंग, बेअरिंग, क्लच प्लेट हे सगळं मिस्त्रीकडेच द्या. गाडी वॉरंटीत असेल तर ऑइललाही हात लावू नका.

आधी दुखणं गिअरबॉक्सचंच आहे ना, ते बघा. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात? मग दोष बहुधा क्लचचा. केबल असेल तर ती सेट करून घ्या, हायड्रॉलिक असेल तर फ्लुइडची पातळी तपासा. ‘गिअरबॉक्स खोलून बघू’ म्हणणाऱ्याला थांबवा. नुसती उतरवायची-चढवायची मजुरीच हजारांत जाते.

किती किलोमीटरला बदलायचं, कोणतं आणि किती घालायचं, हे गाडीच्या पुस्तिकेत असतं. छोट्या गाड्यांना साधारण दोन ते अडीच लिटर लागतं. दुकानात जाताना आरसी जवळ ठेवा. मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल, हे विचारतातच. पुस्तिकेत जीएल-४ दर्जाचं ऑइल सांगितलं असेल तर ‘हेही चालतं’ म्हणून पुढे केलेलं जीएल-५ घेऊ नका. त्यातली गंधक-फॉस्फरसची जादा मात्रा पितळी सिंक्रो रिंगांना बाधू शकते. सुटं ऑइल तर नकोच, सीलबंद डबाच घ्या.

खर्चाचा अंदाज असा: ऑइल लिटरला ४०० ते ८०० रुपये, बोल्टचे नवे वॉशर पन्नास-शंभर, भरायला पाइप आणि नरसाळं शंभर-दीडशे. एकूण हजार ते सव्वादोन हजार. डब्यावरच्या एमआरपीत जीएसटी धरलेला असतो. वर वेगळा मागितला तर देऊ नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

गाडीसोबत येणारा जॅक फक्त चाक बदलायला असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, कधीच नाही. जॅक स्टँड नसतील तर ओळखीच्या वॉशिंग सेंटरचा रॅम्प तासभर मागा, पैसे आधी ठरवा. तिथे गाडी समतल राहते, आणि पातळी बरोबर यायला तेच हवं.

मोहदरी घाटाच्या दिशेने दहा-पंधरा मिनिटं चालवून या, म्हणजे ऑइल कोमट होऊन नीट उतरेल. आता पहिल्यांदा वरचा, भरायचा बोल्ट सैल करा. खालचा आधी काढला आणि वरचा गंजून अडकला, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी जागेवरून हलवता येणार नाही. मग खालचा ड्रेन बोल्ट काढून ऑइल उतरू द्या. त्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावर करडा, मऊ लगदा दिसेल. बोटांत चोळून बघा: खर लागली नाही तर ती नेहमीची झीज, पुसून टाका. टोचणारे कपचे निघाले तर गाडी मिस्त्रीला दाखवा. नवे वॉशर लावून खालचा बोल्ट घट्ट करा, पण पाना लांब करून जोर लावू नका. गिअरबॉक्सच्या कवचाचे आटे गेले की खर्च कुठल्या कुठे जातो. मग भरायच्या भोकातून थेंब गळू लागेपर्यंत ऑइल भरा. ज्या गाडीत अशी सोय नाही, तिथे पुस्तिकेतल्या मापाने भरा. पहिल्या वेळी दोन तास धरा.

गॅरेजलाच देणार असाल तर बिल नीट वाचा. ‘फ्लशिंग’ची साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सला सहसा गरज नसते. दोन लिटर मावतं तिथे तीन लिटरचे पैसे लागतात, म्हणून उरलेला डबा मागून घ्या. ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणजे नेमकं काय, तेही लिहून मागा.

जुनं ऑइल गटारात किंवा सरस्वती नदीच्या पात्रात ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. कॅनमध्ये भरून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी खाली थेंब पडलाय का बघा, आणि बिलावर किलोमीटर लिहून ते पुस्तिकेत ठेवा.