राणीबाग आणि संग्रहालय एकाच दिवशी

प्रश्न : नाशिकहून बहीण, तिची दोन लहान मुलं आणि आई येताहेत. मुंबईत एका दिवसात बाग आणि संग्रहालय दोन्ही जमेल का?

उत्तर : जरूर जमेल. भायखळ्याला जा. राणीबाग आणि डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय शेजारीशेजारी आहेत. सकाळी आधी बाग. पेंग्विन पाहिल्याशिवाय मुलं हलणार नाहीत. उन्हं चढली की संग्रहालयात शिरा. १८७२ साली खुल्या झालेल्या या वास्तूत जुन्या मुंबईकरांचे मातीचे छोटे पुतळे आहेत : पोशाख, पगड्या, सगळं बारकाईने घडवलेलं. इथे घाई नको, आईंना मुलांशी बोलू द्या. बाहेरचा दगडी हत्ती घारापुरीचा. त्याच्यावरूनच बेटाला ‘एलिफंटा’ नाव पडलं. बुधवार मात्र टाळा, दोन्ही बंद असतात.