ए ग्रेड जुनी झाली आहे, ती नवी कशी करायची?

मुलीला इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाली की घरात दोन हिशेब सुरू होतात. पहिला सोपा आहे. दहावीच्या निकालात ए ग्रेडला ७ वाढीव गुण, बी ग्रेडला ५ आणि सी ग्रेडला ३. अकरावीच्या प्रवेशात एकेका गुणावर कॉलेज बदलतं, त्यामुळे या सातांची किंमत पालकांना चांगलीच कळते. दुसरा हिशेब मात्र अंदाजाने मांडला जातो: "एवढं सुंदर काढते, तर डिझाइनलाच घालू या. ए ग्रेड आहे म्हणजे निम्मी तयारी झालीच."

या दुसऱ्या हिशेबात गफलत आहे. बारावीच्या जानेवारीपर्यंत ती बहुतेक घरांत लक्षातही येत नाही.

आपली शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, कला संचालनालय घेतं. पण तिचा साचा संचालनालयापेक्षा फार जुना आहे. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं, तेव्हा लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये हेन्री कोल आणि त्यांचे सहकारी चित्रकलेचं शिक्षण पायऱ्यापायऱ्यांनी बांधत होते. कारखान्यांना नेमक्या हाताचे कारागीर हवे होते. म्हणून आधी सरळ रेषा, मग भूमिती, मग नक्षी, मग समोर ठेवलेली वस्तू, आणि प्रत्येक टप्प्यावर परीक्षा. हीच पद्धत वसाहतींत आली. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन या आपल्या विषयांत तिची हाडं अजून दिसतात.

गंमत अशी की ज्यांनी ही पद्धत आपल्याला दिली, त्यांनी स्वतः ती कधीच मोडीत काढली. १९६० साली विल्यम कोल्डस्ट्रीम यांच्या समितीच्या अहवालाने ब्रिटनमधल्या कलाशिक्षणाची घडी बदलली. पदविकेआधी वर्षभराचा एक मोकळा अभ्यासक्रम ठेवावा, असं ठरलं. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेच्या प्राथमिक वर्गाचे विचार तोवर व्हिक्टर पासमोर आणि रिचर्ड हॅमिल्टन न्यूकॅसलमध्ये शिकवायला लागले होते. आज ब्रिटनमध्ये शाळा संपल्यावर आणि पदवीआधी मुलं जो 'फाउंडेशन डिप्लोमा इन आर्ट अँड डिझाइन' करतात, तो याच वर्षभराच्या वर्गाचा वारस. त्यात शेवटच्या चित्राइतकीच त्यामागची वही पाहतात: काय शोधलं, काय फसलं, दिशा का बदलली. लंडनला जायचा विचार असलेल्या मराठी घरांनी हे आधीच ध्यानात घ्यावं. पंधरा गुळगुळीत चित्रांच्या फाइलपेक्षा तिथे खाडाखोडीने भरलेली वही जास्त बोलते.

आपल्याकडेही वारं बदललं होतं. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये एक अहवाल दिला आणि त्यातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. त्या अहवालात ईम्स दांपत्य एका वस्तूपाशी रेंगाळतं. ती वस्तू म्हणजे लोटा. त्यात पाणी किती मावतं, भरल्यावर तोल कुठे जातो, डोक्यावर किंवा कमरेवर नेताना तो कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, हाताला गार लागतो की गरम, घडवायला खर्च किती, असे प्रश्न ते विचारत जातात.

आता इंटरमीजिएटच्या स्थिरचित्राची मांडणी आठवा. कापड, दोन वांगी, एखादी बाटली आणि बहुतेक वेळा तोच तांब्या. आपण मुलाला विचारतो, तो कसा दिसतो? छटा बरोबर आली का, लंबवर्तुळ चुकलं का? डिझाइनची प्रवेश परीक्षा विचारते, तो असा का आहे? ए ग्रेडचं मूल पहिल्या प्रश्नात तरबेज असतं. दुसरा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नसतो.

दोन रस्ते इथेच वेगळे होतात, आणि पालकांनी ते सरमिसळ करू नयेत. बी.एफ.ए. म्हणजे चित्रकला, शिल्पकला, उपयोजित कला यांची चार वर्षांची पदवी. तिच्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाकडून घेतली जाणारी परीक्षा वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान अशी आहे. विषय ओळखीचे वाटले ना? इंटरमीजिएटचा सराव इथे थेट कामाला येतो. जे. जे. २०२३ पासून अभिमत विद्यापीठ झालं आहे, त्यामुळे तिथल्या प्रवेशाच्या सूचना त्यांच्याच संकेतस्थळावर वाचाव्यात, शेजाऱ्याच्या मुलाच्या वेळचे नियम धरून चालू नये.

बी.डेस.चा, म्हणजे डिझाइनच्या पदवीचा, रस्ता निराळा. आयआयटी मुंबई जी यूसीड परीक्षा घेते ती ३०० गुणांची. पहिला भाग २०० गुणांचा आणि संगणकावर: आकार मनात फिरवून पाहणं, तर्क, निरीक्षण, रोजच्या यंत्रांमागचं विज्ञान, पर्यावरण आणि समाज. दुसरा भाग कागदावरचा, १०० गुणांचा. त्यात एक प्रश्न रेखाटनाचा आणि एक डिझाइनच्या विचाराचा. पहिल्या भागात ठरावीक गुण मिळाले नाहीत तर दुसऱ्या भागातलं चित्र कुणी तपासतसुद्धा नाही. हे वाक्य ए ग्रेडवाल्या घरात फ्रिजवर चिकटवायला हरकत नाही. निफ्टच्या, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या, बी.डेस. प्रवेशात सर्जनशीलतेच्या पेपरला निम्मं वजन आहे, उरलेलं सामान्य क्षमता आणि 'सिच्युएशन टेस्ट' यांचं. या टेस्टमध्ये दिलेल्या साहित्यातून हाताने वस्तू उभी करायची असते. पुठ्ठा, तार, कापड, गोंद. शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण हे जवळजवळ कधीच करत नाही.

म्हणून इंटरमीजिएट टाकून द्यायची का? नाही. मला ती परीक्षा आवडते, हे सांगून टाकतो. तालुक्याच्या गावातल्या मुलाला हातात ब्रश धरायला लावणारी, फी परवडणारी आणि जिल्ह्याच्या शाळांपर्यंत पोचलेली दुसरी परीक्षा आपल्याकडे नाही. पण तिच्यावर पुढचा मजला चढवायला हवा. संचालनालय अभ्यासक्रम कधी बदलेल याची वाट न पाहता घरच्या घरी हे करता येतं.

सगळ्यात जास्त काम स्मरणचित्रावर आहे. 'भाजीबाजार', 'बसस्टॉप', 'गणपती विसर्जन' हे विषय पाठ झालेले असतात. क्लासमध्ये तीन माणसं शिकवतात: एक पाठमोरी बाई, एक फुगेवाला, एक सायकलवाला. तीच तिघं बाजारातही उभी असतात आणि विसर्जनातही. परीक्षकाला ती तोंडपाठ झालेली आहेत. याला स्मरण कसं म्हणायचं, पाहिलेलंच काही नाही तर? मुलाला एसटी स्टँडवर घेऊन जा आणि अर्धा तास बसू द्या. कंडक्टर तिकीट देताना कुठल्या पायावर भार टाकतो, झोपलेल्या प्रवाशाची मान कशी पडते, गाठोडं कुठे ठेवलं जातं. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल. घरी येऊन तेच न बघता पुन्हा काढायचं. दोन महिन्यांत फरक दिसतो, आणि तो फुगेवाला आपोआप नाहीसा होतो.

संकल्पचित्राचं दुखणं वेगळं आहे. चौकोनात फुलं-पानं बसवणं, सपाट रंग भरणं, रंगसंगती सांभाळणं, हे सजावटीचं शिक्षण आहे, आणि कापड किंवा पॅकेजिंगकडे जाणाऱ्याला ते उपयोगीच आहे. पण डिझाइन म्हणजे फक्त नक्षी, असा समज मुलाच्या डोक्यात इथेच घट्ट होतो. त्याला उतारा म्हणून घरातली एक अडचण द्या. दाराशी चपलांचा ढीग. आजीला औषधाची पाकिटं ओळखता येत नाहीत. पावसात ओली छत्री कुठे ठेवायची. एका अडचणीवर दहा उपाय, दहा छोटी रेखाटनं. पहिली चार सगळ्यांनाच सुचतात, सातव्याला मेंदू चालू लागतो. मग त्यातला एक पुठ्ठ्यात करून आजीला वापरायला द्या आणि ती काय म्हणते ते वहीत लिहून ठेवा. निफ्टची आणि यूसीडची तयारी यातच होते. क्लासवाले याला मोठं इंग्रजी नाव देऊन पैसे घेतात.

स्थिरचित्राला मी फार हात लावणार नाही. फक्त वांग्याऐवजी कधीतरी कुकरचं झाकण, मिक्सरचं भांडं, सायकलची चेन काढायला सांगा, आणि शेजारी दोन ओळी: हा भाग इथे का आहे?

भूमिती आणि अक्षरलेखन. मुलांना हा सर्वांत कंटाळवाणा पेपर वाटतो आणि पालक त्याला 'स्कोअरिंग' म्हणतात. माझ्या मते चारही पेपरांत काळाच्या ओघात सर्वांत कमी जुना झालेला हाच. घनाचं दर्शन, छेद, वस्तू वरून आणि बाजूने कशी दिसेल, हीच ती नजर जिच्यावर यूसीडचा पहिला भाग मुलांना अडवतो. आणि अक्षरलेखनाला तर आता सबंध व्यवसाय आहे. संगणकावर वर्षानुवर्षं आपण जो 'मंगल' फाँट वापरला तो र. कृ. जोशींनी घडवला. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट घडवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे देवनागरी फाँट कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. अच्युत पालवांची सुलेखनाची कामं मुलांना दाखवा. पाट्या, पॅकेट, ॲप, चित्रपटांची नावं, सगळीकडे देवनागरी अक्षर लागतं, आणि ते नीट घडवू शकणारे हात कमी आहेत. ब्लॉक अक्षरांच्या पेपरमध्ये पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या मुलाला हे कुणी सांगत नाही, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

आता शाखेचा प्रश्न, ज्यावर दहावीनंतर घरोघर वाद होतात. यूसीड, एनआयडी, निफ्ट आणि बी.एफ.ए. यांना बारावी कुठल्याही शाखेची चालते. आर्किटेक्चर मात्र अपवाद: तिथे बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं आणि प्रवेश परीक्षाही वेगळी असते. आर्किटेक्चरचं दार खरोखर उघडं ठेवायचं असेल तर सायन्स घ्या. पण 'पर्याय राहू देत' म्हणून सायन्स, वर जेईईचा क्लास आणि उरलेल्या वेळात चित्रकला, असा बेत असेल तर चित्रकलेला वेळ उरत नाही. आर्ट्स घेऊन मानसशास्त्र, अर्थशास्त्र वाचणारं मूल डिझाइनमध्ये मागे पडतं, असा समज पालकांनी सोडून द्यावा. वापरणाऱ्या माणसाला समजून घेणं हेही डिझाइनचंच काम आहे.

तारखांकडे वेळीच लक्ष द्या. यूसीड बारावीच्या जानेवारीत होते, आणि इतर डिझाइन परीक्षाही त्याच मोसमात येतात. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत दाराशी असते. म्हणजे खरी तयारी बारावीच्या दिवाळीपर्यंत उरकलेली हवी, आणि त्यासाठी सुरुवात अकरावीच्या जूनमध्ये. यूसीड दोनदाच देता येते, तीही लागोपाठच्या दोन वर्षांत. 'यंदा अनुभव म्हणून देऊ' असं म्हणताना हे विसरू नका.

एक नाजूक गोष्टही सांगायला हवी. इंटरनेटवरचं चित्र समोर ठेवून हुबेहूब उतरवणारी बरीच मुलं असतात. नातेवाईक कौतुक करतात, पोर्ट्रेटच्या ऑर्डरीही येतात. ते कौशल्य खरं आहे. पण त्या मुलाला समोरचा संदर्भ काढून घेतल्यावर काहीच सुचत नसेल, आणि सुचावंसंही वाटत नसेल, तर चार वर्षांचं डिझाइन शिक्षण त्याला छळेल. चित्र काढून देणारी यंत्रं आल्यापासून नुसत्या नकलेचं मोल आणखी घटलं आहे. अशा मुलाला बी.एफ.ए. किंवा कला शिक्षक पदविका जास्त मानवेल, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. शाळेत ड्रॉइंगचे सर नसतील तर पुढच्या पिढीला इंटरमीजिएटला बसवणार कोण?

क्लास लावायचाच असेल तर आधी प्रत्यक्ष जाऊन या. भिंतीवर लावलेली 'निवडलेली' चित्रं बघू नका. विद्यार्थ्यांच्या वह्या मागा, आणि त्यातली फसलेली पानं दाखवायला सांगा. पानं कोरी करकरीत असतील, किंवा तीस मुलांच्या वह्यांत तोच फुगेवाला त्याच कोपऱ्यात उभा असेल, तर फी न भरता परत या. ते पैसे पुठ्ठा, कटर, एसटीचं तिकीट आणि दोन जाड वह्या यांवर खर्च करा.