गावचा तलाव : पाण्याची ऊब व पोहण्याची सुरक्षितता
(इयत्ता ५ ते ७ साठी परिसर अभ्यासाचा एक प्रत्यक्ष पाठ)

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांत गाव आणि तलाव ही जोडी फार जुनी आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी भातशेतीसाठी हे तलाव बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली व तलाव शासनाकडे आले. म्हणून त्यांस 'माजी मालगुजारी तलाव' आणि लोकांच्या बोलण्यात 'मामा तलाव' असे नाव पडले. पुष्कळ गावी तलावाची पाळ शाळेपासून हाकेच्या अंतरावर असते. मुले तेथे म्हशी धुतात, मासे धरतात आणि डुंबतात. केवळ "तलावावर जाऊ नका" असे बजावल्याने ती जावयाची थांबत नाहीत, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. तेव्हा तलाव हाच पाठाचा विषय करावा, हे श्रेयस्कर.

उद्देश : (१) ऋतुमानाप्रमाणे पाण्याचे तापमान कसे बदलते, हे मुलांनी स्वतः नोंदून पाहावे. (२) अंगास सुखकर वाटणारे पाणी सुरक्षित असतेच असे नाही, हे त्यांच्या मनावर ठसावे.

वर्गातील प्रयोग : काचेच्या उभ्या भांड्यात अर्ध्यापर्यंत गार पाणी घ्यावे. कोमट पाण्यात निळी शाई मिसळून ते चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू वर सोडावे. निळा थर वरच तरंगत राहतो. ऊन पाणी हलके व गार पाणी जड, हे मुलांस डोळ्यांनी दिसते. मग भांडे ढवळून दोन्ही पाणी एक झालेले दाखवावे. तलावात ढवळण्याचे हे काम वारा करतो.

तलावावरील निरीक्षण : अरुंद तोंडाच्या बाटलीस दगड बांधून वजन द्यावे. बाटलीस एक दोरी व बुचास दुसरी दोरी बांधावी. बाटली दीड मीटर खोल सोडून बुचाच्या दोरीस हिसका द्यावा, म्हणजे त्या खोलीचे पाणी आत शिरते. बाटली वर ओढताच तापमान पाहावे. ताप पाहण्याचे वैद्यकीय उष्णतामापक येथे उपयोगी पडत नाही. त्याची मोजणी साधारण ३५ अंशांपासून सुरू होते. प्रयोगपेटीतील उष्णतामापकच वापरावे. मोजणी पक्क्या घाटावरून शिक्षकाने स्वतः करावी. मुलांनी दहा पावले मागे बसून आकडे लिहावेत. दरमहा एकदा, सकाळी व दुपारी, हवेचे, पृष्ठभागाचे व खोलीवरचे अशी तीन तापमाने नोंदवून वर्षाचा आलेख वर्गात लावावा.

आलेखाचा अर्थ : पाणी हवेपेक्षा सावकाश तापते व सावकाश निवते. म्हणून हवा एका दिवसात जितकी वरखाली होते, तितके पाणी होत नाही. हिवाळ्यातील रात्री पृष्ठभागाचे पाणी गार होऊन खाली बसते, खालचे वर येते, आणि सारा तलाव सारखाच थंड होतो. उन्हाळ्यात वारा पडलेल्या दुपारी वरचा थर तापतो, पण खालचे पाणी गारच राहते. पाय बुडवून खोलीवरच्या पाण्याची परीक्षा होत नाही, ती ह्याच कारणाने. पावसाळ्यात ढगांमुळे ऊन कमी पडते व नवे पाणी येऊन मिसळते; त्यामुळे वरचे-खालचे अंतर घटते आणि पाणी अंगास सोसवेल असे असते.

शरीरावरील परिणाम : पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. म्हणून हवेत सुखद वाटणारे तापमान पाण्यात काही वेळाने हुडहुडी भरवते. लहान मुलाचे अंग मोठ्यापेक्षा लवकर निवते. पाणी २५ अंशांखाली गेले की श्वासावरील ताबा सुटू लागतो. १५ अंशांखालच्या पाण्यात एकदम पडल्यास माणूस आपोआप धापा टाकतो. अशा वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जाते. उन्हाने तापलेल्या मुलाने पाळीवरून एकदम सूर मारू नये, त्याचे हे कारण. उन्हाळ्यातील उथळ, ऊन व साचलेल्या पाण्यात मेंदूस घातक असा एक अमीबा वाढू शकतो. तो नाकावाटे शिरतो. असा रोग क्वचितच होतो, परंतु झाल्यास बहुधा प्राणघातक ठरतो. केरळात २०२४ मध्ये त्याचे रुग्ण आढळले. अशा पाण्यात बुडी मारू नये.

उष्णतामापक जे सांगत नाही : आता मुलांस विचारावे, "कोणत्या ऋतूत पोहणे सर्वांत सुरक्षित?" आलेख पाहून बरीच मुले पावसाळा म्हणतील. येथेच पाठाचा गाभा आहे. उन्हाळ्यात तलाव आटतो, तेव्हा गाळ काढताना खड्डे पडतात. पहिल्या पावसांत तेच खड्डे गढूळ पाण्याखाली झाकले जातात. गुडघाभर पाण्यात चालणारे मूल पुढच्या पावलाला डोक्याएवढ्या पाण्यात जाते. शिवाय तलावाची सर्वांत अधिक खोली बहुधा पाळीलगतच असते, आणि मुले उतरतात तीही तेथूनच. सांडव्याजवळ ओढ असते. कमळ-शिंगाड्याच्या वेलींत पाय गुंततात. ह्यांपैकी एकही गोष्ट उष्णतामापकावर दिसत नाही. ह्यास्तव उन्हाळ्यात, पाणी आटलेले असताना, ग्रामस्थांच्या साहाय्याने खड्ड्यांचा नकाशा काढावा व तो जून महिन्यात शाळेच्या भिंतीवर लावावा.

मुलांकडून पाठ करून घ्यावयाचे नियम :
१. पोहणारे मोठे माणूस काठावर असल्यावाचून पाण्यात उतरू नये.
२. अनोळखी वा गढूळ पाण्यात शिरू नये. सूर तर मुळीच मारू नये.
३. सांडवा, पाणी सोडण्याचे दार व प्लास्टिक अंथरलेले शेततळे ह्यांपासून दूर राहावे. ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही व वर चढता येत नाही.
४. हुडहुडी भरताच बाहेर यावे.
५. कोणी बुडत असल्यास आपण उडी घेऊ नये. ओरडून माणसे बोलवावीत. दोरी, बांबू, लुगडे किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा त्याच्याकडे टाकावा.

शिक्षकांसाठी : बुडालेल्यास बाहेर काढल्यावर उलटे धरून फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे ह्यात अमोल वेळ जातो. तो श्वास घेत नसल्यास त्यास उताणे निजवावे, नाक दाबून तोंडाने श्वास द्यावा, नंतर ३० वेळा छाती दाबून २ श्वास द्यावेत, आणि मदत येईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आरोग्य केंद्रातून ह्याचे प्रात्यक्षिक अवश्य करून घ्यावे.

वर्षअखेर आलेख पूर्ण होईल तेव्हा मुलांस पाण्याचे एक शास्त्र समजले असेल. परंतु पाठ खरा साधला की नाही, ह्याची परीक्षा आषाढात होईल. तलाव काठोकाठ भरलेला असता पाळीवर आलेले मूल भिंतीवरचा नकाशा आठवून माघारी फिरले, तर तो पाठ उत्तम झाला असे समजावे.