बोर्रा गुहेतील एक थेंब

विशाखापट्टणमहून सकाळी निघणारी किरंदुलची गाडी कोत्तवलसा मागे टाकते आणि थोड्याच वेळात पूर्व घाटाची चढण चढू लागते. बैलाडिला येथील लोहखनिज बंदरापर्यंत आणण्यासाठी १९६० च्या दशकात हा लोहमार्ग बांधण्यात आला. त्यावर एकामागून एक इतके बोगदे लागतात, की मुले प्रथम ते मोजू लागतात आणि मध्येच कंटाळून सोडून देतात. अशाच चढणीवर, अनंतगिरी टेकड्यांच्या कुशीत, बोर्रा गुहलु नावाचे लहानसे स्थानक आहे. 'गुहलु' हे तेलुगू अनेकवचन असून त्याचा अर्थ 'गुहा' एवढाच होय. हा प्रदेश २०२२ पासून आंध्र प्रदेशाच्या अल्लुरी सीताराम राजू जिल्ह्यात मोडतो. सुटीच्या दिवशी येथे उतरणाऱ्यांत कुटुंबांचीच संख्या मोठी असते. कोणी डबे बांधून आणलेले असतात, कोणाच्या कडेवर मूल असते. तिकिटे काढून ही मंडळी गुहेच्या प्रशस्त मुखाशी जमतात आणि विजेरी हाती घेतलेल्या वाटाड्याच्या मागोमाग पायऱ्या उतरू लागतात.

अजिंठा किंवा वेरूळ पाहून आलेला मनुष्य आत शिरताच नकळत छिन्नीच्या खुणा शोधू लागतो. त्या येथे सापडत नाहीत. मराठीत 'लेणे' आणि 'गुहा' असे दोन निराळे शब्द आहेत, हे या ठिकाणी मोठे सोयीचे ठरते. लेणे माणूस कोरतो, गुहा निसर्गात होते. सह्याद्रीचा काळा पाषाण छिन्नीखाली उत्तम उतरतो, परंतु पाण्यात विरघळून त्याच्या पोटात दालने निर्माण होत नाहीत. बोर्रा येथील खडक मात्र चुनखडक आहे. भूगर्भातील उष्णता व दाब यांमुळे तो स्फटिकमय होऊन संगमरवरासारखा बनलेला आहे. आम्लधर्मी पाणी त्यास हळूहळू विरघळवू शकते, आणि ही सर्व दालने तशीच कोरली गेली आहेत.

वाटाड्या विजेरीचा झोत फिरवीत आकृती दाखवू लागतो : हा ऋषी व त्याची दाढी, ही आई आणि तिचे मूल, ही मगर, हा मानवी मेंदू. एका उंचवट्यावर शिवलिंग आहे. छताच्या विवरातून एक गाय खाली पडली, तिला शोधीत आलेल्या गुराख्यास हे लिंग दिसले, आणि त्यानेच गाईचे रक्षण केले असे लोकांनी मानले, अशी कथा सांगतात. गुहेजवळून वाहणाऱ्या गोस्थनी नदीच्या नावाशीही याच गाईचा संबंध जोडला जातो. महाशिवरात्रीस आसपासच्या आदिवासी पाड्यांतील लोक येथे दर्शनास येतात. आकृती ओळखण्याचा खेळ मुलांना फार आवडतो आणि त्यात काही गैर नाही. खेद वाटतो तो रंगीत दिव्यांचा. तांबड्या-निळ्या प्रकाशात शिळांचा मूळचा दुधी, पिवळसर वा तपकिरी रंग झाकून जातो, आणि साध्या पांढऱ्या प्रकाशात जे सहज कळले असते तेच कळेनासे होते.

तेवढ्यात कोणाच्या तरी हातावर छतावरून एक थेंब पडतो. सर्व गुहेत पाहण्यासारखी खरी वस्तू ही होय.

हा थेंब पावसाच्या रूपाने डोंगरावर पडला, तेव्हा त्याने हवेतील थोडा कार्बन डाय-ऑक्साइड वायू शोषून घेतला. पुढे तो मातीत मुरला. झाडांची मुळे आणि मातीतील सूक्ष्म जीव सतत श्वसन करीत असल्याने मातीच्या कणांमधील हवेत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. त्यामुळे पाणी सौम्य आम्ल बनते. भेगांतून झिरपताना ते चुनखडकातील कॅल्शियम कार्बोनेट विरघळवून आपल्याबरोबर घेते. अखेरीस हे पाणी गुहेच्या छतास येऊन लोंबते. आतील हवेत वायूचे प्रमाण पाण्याच्या मानाने कमी असते, म्हणून सोडावॉटरची बाटली उघडावी त्याप्रमाणे, परंतु अगदी मंदपणे, पाण्यातील वायू निसटतो. वायू गेला की पाण्यास सर्व चुना धरून ठेवता येत नाही, आणि त्याचा सूक्ष्म थर छताशी चिकटतो. पाणी वाळून चुना मागे राहतो अशी समजूत सर्वत्र आढळते. तथापि खोल गुहेतील हवा इतकी दमट असते, की तेथे बाष्पीभवनास फारसा वाव नसतो.

एका थेंबामागून दुसरा थेंब असे होत छतास आधी काचनळीसारखी पोकळ काडी लोंबू लागते. ती बुजली म्हणजे पाणी बाहेरून ओघळते व तिचा जाड सुळका बनतो. यास अधोमुखी लवणस्तंभ म्हणतात. खाली पडलेल्या थेंबातील उरलेला चुना साचून जो वर वाढतो, तो ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. (नावात 'लवण' असले तरी स्वयंपाकघरातील मिठाशी त्याचा संबंध नाही.) कालांतराने दोन्ही मिळाले, म्हणजे अखंड खांब होतो. ही वाढ बहुधा वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीच असते. या हिशेबाने वीतभर सुळक्यास सुमारे दोन हजार वर्षे लागतात.

हे थर केवळ शोभेचे नसतात. ऑक्सिजनच्या अणूंचे हलके व जड असे प्रकार आहेत. पावसाळा भरपूर झाला, की पावसाच्या पाण्यात हलक्या प्रकाराचे प्रमाण काहीसे वाढते आणि त्याची खूण थरात उमटते. थराचे वय युरेनियम व थोरियम यांच्या प्रमाणावरून काढता येते. छत्तीसगडमधील कांगेर खोऱ्यात दंडक नावाची गुहा आहे. तेथील एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभावरून इ. स. ६०० ते १५०० या काळातील मोसमी पावसाचा आलेख तयार करण्यात आला व तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदाव्या शतकात व पंधराव्याच्या आरंभी पाऊस दीर्घकाळ क्षीण झाल्याचे त्यात दिसून येते. महाराष्ट्रात ज्याची आठवण 'दुर्गादेवीचा दुष्काळ' या नावाने पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तो याच काळातला. त्या वर्षांत गावोगावच्या पर्जन्याची नोंद ठेवणारा कोणी नव्हता. बस्तरच्या अंधारात ती थेंबाथेंबाने होत होती.

म्हणूनच "हात लावू नका" या वाटाड्याच्या शब्दांस अर्थ आहे. तळहातावरील तेलकटपणाचा पातळ लेप दगडावर बसला, की त्या जागी पाणी नीट पसरत नाही. नवा थर धरत नाही आणि दगड काळवंडतो. हात आवरता येतो, श्वास मात्र आवरता येत नाही. उच्छ्वासात बाहेरच्या हवेच्या सुमारे शंभरपट कार्बन डाय-ऑक्साइड असतो. बंदिस्त दालनात गर्दी झाली, की हवेतील वायू वाढतो, थेंबातून तो निसटणे मंदावते, आणि प्रमाण फारच वाढले तर साचलेला चुनाही पुन्हा विरघळू लागतो. दिव्यांच्या सान्निध्यात शेवाळे उगवते. शतकानुशतके अंधार असलेल्या जागी ही हिरवळ म्हणजे माणसाने आणलेला उपरा जीव होय.

फ्रान्समधील लास्को गुहेत हे सर्व घडून गेले आहे. १९४० मध्ये सापडलेली, हजारो वर्षांपूर्वीच्या प्राणिचित्रांनी नटलेली ही गुहा १९४८ मध्ये प्रेक्षकांस खुली झाली. रोज शेकडो माणसे येऊ लागली. भिंतींवर हिरवे शेवाळे चढले, चुन्याचा पांढरा थर दिसू लागला, आणि १९६३ मध्ये ती प्रेक्षकांसाठी बंद करावी लागली. १९८३ पासून लोक जवळच उभारलेली प्रतिकृती पाहतात. बोर्रा गुहेचे मुख रुंद आहे व छतासही विवर आहे, त्यामुळे हवा खेळती राहते. परंतु आतल्या अरुंद फटींत व कोनाड्यांत तेवढी सोय नाही.

परतीच्या वाटेवर मंडळी थकलेली असतात आणि बाहेरच्या माकडांची चर्चा सुरू झालेली असते. तरी अशा प्रेक्षणीय गुहांत पायवाटेच्या कडेस, हाताच्या उंचीवर, मोडलेल्या सुळक्याचे एखादे खुंट पुष्कळदा दिसते. ते विजेरीने जवळून पाहावे. मोडलेल्या तोंडावर झाडाच्या खोडातल्याप्रमाणे एकात एक अशी वलये असतात. मध्यभागी एखादा थेंब लोंबत असेल, तर घड्याळ लावून तो किती वेळाने पडतो ते मुलांनी मोजावे. हाच थेंब पावसाळ्यानंतर लवकर पडतो व उन्हाळ्यात बराच रेंगाळतो. काही खुंटांच्या टोकाशी पांढऱ्या, ताज्या चुन्याचे बारीक कडे आढळते. मोडल्यानंतरची सर्व वर्षे मिळून तेथे तेवढेच साचलेले असते.