वेलींवरील कीटक : शत्रू कोण, मित्र कोण?

बोरघाटाच्या माथ्यावरील खंडाळा आणि भोवतालचा मावळ हा भाताचा मुलूख. तथापि पावसाळ्यात येथील परसांत व मांडवांवर काकडी, दुधी, दोडका, कारले आणि लाल भोपळा यांच्या वेली चढलेल्या असतात. श्रावणात या वेलींची कोवळी फळे पिवळी पडून गळू लागली, की दोष फळमाशीला दिला जातो आणि फवारणीचा पंप बाहेर निघतो. हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा ठरतो.

गळलेले फळ प्रथम चिरून पाहावे. फळमाशीची मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या आतील गर खातात, फळ कुजते आणि वाढ पुरी झालेल्या अळ्या जमिनीत शिरून कोष करतात. अशा फळात अळ्या सापडतातच. फळ आतून स्वच्छ असेल, तर बहुधा परागीभवन झालेले नसते. या पिकांत नर व मादी फुले निरनिराळी असल्याने पराग पोहोचविण्यास कीटकच लागतात. घाटमाथ्यावर संततधार लागली, की सातेरी मधमाशा पोळ्याबाहेर फारशा पडत नाहीत. त्यातच विषारी फवारा मारला, तर उरल्यासुरल्या माशाही जातात आणि गळ वाढते. पाऊस न उघडल्यास नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, परागकोश मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. परसातील पाच-दहा वेलींना एवढे पुरते.

फवारणी सायंकाळी करावी, असे सर्रास सांगितले जाते. काकडी, कारले व भोपळा यांची फुले सकाळी उमलतात. त्यांच्यापुरते ते योग्य आहे. परंतु दुधी व दोडका यांची फुले सायंकाळी उमलतात आणि दुधीच्या पांढऱ्या फुलांवर रात्री पतंग येतात. एकाच मांडवावर सर्व वेली असतील, तर निर्धोक वेळ उरतच नाही. फुलोऱ्यात फवारणी टाळणे हेच श्रेयस्कर.

रोपावस्थेत तांबडे भुंगेरे कोवळी पाने चाळणीसारखी करतात. सकाळी ते सुस्त असताना वेचून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. येथे मात्र ओळख हवी. माव्यावर जगणारा ढालकिडा गुळगुळीत, चकचकीत असतो. त्याचाच भाऊबंद असलेला एपिलॅक्ना भुंगेरा पाने खातो. त्याची पाठ निस्तेज व बारीक लव असलेली असते. शाळेतील साध्या भिंगाने मुलांनाही हा भेद दाखविता येतो.

फळमाशीचा बंदोबस्त एकट्यादुकट्याने होत नाही. क्यू-ल्यूरच्या सापळ्यात केवळ नर माश्या येतात. शेजारच्या बांधावरून आलेली मादी अंडी घालतच राहते. म्हणून संपूर्ण वाडीने एकाच वेळी सापळे लावावेत आणि किडकी फळे उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावीत. जपानमधील ओकिनावा बेटांवरून ही माशी १९९३ मध्ये समूळ नाहीशी झाली. तेथे प्रयोगशाळेत वंध्य केलेले नर प्रचंड संख्येने सोडावे लागले आणि त्या कामी दोन दशके गेली. मावळातील ग्रामपंचायतींना तेवढा खटाटोप साधणार नाही. परंतु सामाईक खड्डा खणण्यास मोठा खर्च येत नाही.

मधमाशापालनाचे शिक्षण देणारी केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे. वेलींच्या हंगामापूर्वी सातेरीच्या पेट्या ठेवू इच्छिणाऱ्या गावांना ती फार दूर नाही.